आजाऱ्याची सेवा कोणाच्या हाती सोपवायची?

"वकीलसाहेब, जयभीम. उशिरा फोन केला, माफ करा. पण बाबांना दवाखान्याने घरी न्यायला सांगितलंय. आता त्यांना कुठं नेऊ?"

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला आलेला हा फोन चळवळीतल्या एका तरुण कार्यकर्त्याचा होता. वडील महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. घशाचा कर्करोग. केमो झाली, शेक झाले, आता पुढे उपचार नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले. कागदावर दोनच शब्द लिहून दिले होते, 'पॅलिएटिव्ह केअर'. त्याचा अर्थ या मुलाला कोणी समजावून सांगितला नव्हता. त्याला वाटले, दुसऱ्या एखाद्या वॉर्डाचे नाव असेल. तो कागद घेऊन तो दिवसभर दवाखान्याच्या तीन मजल्यांवर फिरला.

मी वकील आहे. लोक माझ्याकडे जामिनासाठी, ॲट्रॉसिटीच्या केससाठी, जातपडताळणीसाठी येतात. या प्रश्नाला माझ्याकडे एखादे कलम नव्हते. परंतु हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात उभा राहिला होता आणि तेव्हा आम्ही भावंडांनी ज्या चुका केल्या त्या दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नयेत असे मला मनापासून वाटते. म्हणून या स्तंभातून आज राजकारणाऐवजी या विषयावर लिहीत आहे.

माझ्या आईला मिश्रीची सवय होती. आपल्या वस्त्यांतल्या किती आयाबहिणींना ती आहे हे वेगळे सांगायला नको. गालाच्या आत चट्टा आला, त्याकडे सहा महिने कोणी पाहिले नाही, तिनेही सांगितले नाही. शस्त्रक्रिया झाली, शेक झाले आणि सव्वा वर्षात आजार परत आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितले की आता शस्त्रक्रिया नको, त्रास कमी करण्याकडे बघा. आम्हाला ते पटले नाही. थोरला भाऊ म्हणाला, "एकदा खासगीत दाखवू. उद्या मनाला लागून राहील." गावाकडची अर्धा एकर जमीन गहाण पडली. उपनगरातल्या एका खासगी इस्पितळाने आईला नऊ दिवस अतिदक्षता विभागात ठेवले आणि दोन लाख चाळीस हजार रुपये बिल केले. नाकातली नळी ती उपसते म्हणून तिचे दोन्ही हात पलंगाला बांधले होते. ज्या हातांनी आम्हा तिघांना वाढवले ते हात. आम्ही काचेतून बघत होतो.

पैसे संपले तेव्हा "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" अशा कागदावर आमची सही घेतली आणि आईला घरी पाठवले. सोबत दुखण्यावरचे औषध म्हणून ताप आल्यावर घेतात तीच गोळी होती. पुढच्या अकरा रात्री आमच्या घरात कोणी झोपले नाही. शेजारच्यांनी रेडिओचा आवाज वाढवायला सुरुवात केली. त्यांचा दोष नव्हता. कण्हणे ऐकवत नव्हते.

शेवटी परिचारिका असलेल्या एका भाचीने सांगितले की अशा आजाऱ्यांसाठी वेगळ्या संस्था असतात, त्यांना हॉस्पिस म्हणतात. आम्ही आईला अशा एका ठिकाणी नेले. लगेच नातेवाइकांत चर्चा सुरू झाली, "तीन लेकरं असून आईला आश्रमात टाकलं." ताई तर आठ दिवस कोणाच्या दारात गेली नाही.

आई तिथे तेवीस दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी दुखणे आटोक्यात आले. चौथ्या दिवशी तिने खुणेने चहा मागितला. बोलता येत नव्हते, पण पाटीवर लिहून तिने ताईला महिला मंडळाच्या भिशीचा सगळा हिशेब दिला. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, पुढचा नंबर कोणाचा. एका विधवा बाईचा नंबर आधी लावा असे तिने दोनदा लिहिले. अतिदक्षता विभागात गेली असती तर हा हिशेब तिच्याबरोबरच गेला असता. माणूस शेवटच्या दिवसांत किती माणूस राहतो हे औषध देणाऱ्यावर आणि उठबस करणाऱ्यावर अवलंबून असते, हे मी तिथे शिकलो.

हॉस्पिस म्हणजे वृद्धाश्रम नव्हे आणि मरणाची वाट पाहण्याची खोलीही नव्हे. आजार बरा होणार नाही हे मान्य करून दुखणे, दम लागणे, उलट्या, जखमेची दुर्गंधी, भीती आणि एकटेपणा यांवर उपचार करणारी ती वैद्यकीय सेवा आहे. सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली, तिथून आधुनिक हॉस्पिसची सुरुवात मानतात. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झाले, शांती आवेदना सदन. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते उभे केले. गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्याच्या शाखा आहेत. पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून आहे. नागपूरला 'स्नेहांचल' आहे. या संस्था कर्करोगाच्या रुग्णांकडून पैसे घेत नाहीत. मुंबईत 'पालकेअर'सारखी संस्था घरी येऊन विनामूल्य सेवा देते, टाटा रुग्णालयाचाही घरी जाणारा चमू आहे. हे आपल्या लोकांना माहीत नसते. जमीन गहाण टाकायची वाट मात्र सगळ्यांना माहीत असते.

आता प्रश्न निवडीचा. आज शहरात 'केअर सेंटर', 'नर्सिंग ब्युरो', 'रिकव्हरी होम' अशा पाट्या गल्लोगल्ली लागल्या आहेत. कोणते खरे, कोणते खोटे? याचे उत्तर शोधताना मला आपल्याच घरातली एक जुनी कसोटी सापडली.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही आजाऱ्यांविषयीची तथागतांची आस्था सांगताना तो घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही कामाचा उरला नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलले आणि बिछान्यावर ठेवले. नंतर भिक्खूंना एकत्र बोलावून समजावले की तुमची सेवा करायला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे, आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण विहारात ऐकतो आणि पुढे जातो. पण त्याच ठिकाणी चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत, ते फार थोडे लोक वाचतात. त्याला औषध देता आले पाहिजे. हितकर काय, अहितकर काय हे त्याला कळले पाहिजे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा केली पाहिजे. मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस येता कामा नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याला आजाऱ्याला धीर देता आला पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी हातात घेऊन आजच्या कोणत्याही संस्थेच्या दारात उभे राहावे.

पहिला गुण औषधाचा. संस्थेत गेल्यावर पहिला प्रश्न विचारावा, "तुमच्याकडे मॉर्फिनची गोळी आहे का?" कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले, स्वस्त औषध आहे. साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, बद्धकोष्ठ होते म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध द्यावे लागते, आणि मात्रा डॉक्टरच ठरवतात. "अफूची गोळी आहे, सवय लागेल" ही भीती आपल्याच घरात घातली जाते. ज्याचे आयुष्य आठवड्यांवर आले आहे त्याला व्यसनाची भीती दाखवून तडफडत ठेवणे हा शहाणपणा नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते.

हे औषध मिळत का नाही याचे कारण कायद्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने एवढे परवाने मागितले की दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, ती परदेशी औषध कंपन्यांना जाते, आणि इथला मजूर मात्र दुखण्याने ओरडत मरतो, अशी स्थिती होती. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, 'अत्यावश्यक अमली औषधे' असा वर्ग केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट सोपी केली. म्हणून संस्थेला विचारायचे की तुम्हाला ही मान्यता आहे का. नसेल तर रात्री दोन वाजता दुखणे वाढल्यावर तुम्ही काय करता? उत्तर "ॲम्ब्युलन्स बोलावतो" असे आले तर ते हॉस्पिस नव्हे, ते भाड्याचे पलंग आहेत. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री प्रशिक्षित परिचारिका हजर असते की फक्त आया, हेही तिथेच विचारावे.

दुसरा गुण हिताहित कळण्याचा. चांगली संस्था काय करते याइतकेच ती काय करत नाही हे महत्त्वाचे असते. रोज सलाईन लावणे, दर दोन दिवसांनी रक्त तपासणे, शेवटच्या घटकेला छाती दाबणे यांनी बिल वाढते, आजाऱ्याचे भले होतेच असे नाही. "आम्ही बरे करून देऊ" असे जो सांगतो त्याच्यापासून दूर राहावे. जो आधी तुमचे सगळे कागद वाचतो, आजाऱ्याला काय हवे ते विचारतो आणि अमुक होईल, अमुक होणार नाही असे स्पष्ट सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

इथे कायदा तुमच्या बाजूला आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला नको असलेला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. कॉमन कॉज प्रकरणात ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरणे हा अनुच्छेद २१ मधल्या जीवनाच्या अधिकाराचाच भाग असल्याचे मानले. आपण बेशुद्ध झालो तर व्हेंटिलेटर लावू नये अशी इच्छा माणसाला आधीच लिहून ठेवता येते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. पुढे उपचार थांबवण्याचा निर्णय दवाखान्यातले दोन वैद्यकीय मंडळ घेतात. इंजेक्शन देऊन मारणे हे नव्हे, तो या देशात गुन्हाच आहे. आई शुद्धीवर होती. तिला आम्ही एकदा विचारले असते तर ती त्या अतिदक्षता विभागात गेलीच नसती. आम्ही तिघांनी आपसात चर्चा केली, तिला विचारले नाही. या गोष्टीची मला आजही शरम वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पैसे संपले म्हणून आजाऱ्याला नेताना 'स्वतःच्या जबाबदारीवर' या कागदावर घाईने सही करू नये. त्याने दवाखाना मोकळा होतो आणि तुम्ही औषधाविना घरी जाता. डॉक्टरांना सांगावे की आम्हाला रीतसर डिस्चार्ज कार्ड, दुखण्यावरच्या औषधाची चिठ्ठी आणि पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवण्याचे पत्र द्या. हॉस्पिसमध्ये दाखल करताना हे पत्र आणि तपासणीचे कागद लागतात. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती देणे डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने बंधनकारक आहे.

तिसरा गुण मैत्रीचा, लोभाचा नव्हे. विनामूल्य संस्थेत जागा नसेल तर पैसे घेणारी बघावी लागते, त्यात गैर काही नाही. पण दर लेखी घ्यावेत. डायपर, ड्रेसिंग, ऑक्सिजन, डॉक्टरांची फेरी यांचे वेगळे पैसे आहेत का? अनामत किती, आजारी चार दिवसांतच गेला तर ती परत मिळते का? पलंग ठेवून आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या ठिकाणाची नोंदणी १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली असावी लागते, तो दाखला मागावा. याच कायद्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले आहे, आणि बिलासाठी मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई केली आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले. सर्वांना पूर्ण विनामूल्य सेवा देणाऱ्या संस्थेविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, तिची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे किंवा स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी लागते.

धर्मादाय रुग्णालयांविषयी आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असावे असे एक कलम आहे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे ४१-अअ. त्यानुसार आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. पिवळे रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. ही मेहेरबानी नव्हे. या रुग्णालयांनी समाजाकडून सवलती घेतल्या आहेत, त्याची ही परतफेड आहे.

चौथा गुण किळस न येण्याचा, आणि आपल्या समाजाने यावर अधिक थांबून विचार केला पाहिजे. तोंडाच्या कर्करोगाची जखम उघडी पडते, वास येतो, कधी अळ्या होतात. घरातले लोक नाकाला पदर लावतात आणि आजाऱ्याला ते दिसते. आईच्या बाबतीत आम्हीही हेच केले. संस्थेतल्या परिचारिकेने पहिल्याच दिवशी जखम धुतली, मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली आणि दोन-तीन दिवसांत वास बराच कमी झाला. काही रुपयांची गोळी! ती आम्हाला आधी कोणी सांगितली असती तर आईने शेवटचे दोन महिने स्वतःचे तोंड ओढणीत लपवून काढले नसते. म्हणून संस्था पाहायला जाल तेव्हा कार्यालयात बसून परत येऊ नका. वॉर्डात जा, वास घ्या, आजाऱ्यांच्या पाठी बघायला मिळाल्या तर बघा. पाठीला जखमा असतील तर तिथे कूस बदलली जात नाही असे समजा.

किळस फक्त जखमेची नसते. घरी असताना आम्ही एका ब्युरोतून मदतनीस बाई ठेवली होती. ती पहिल्या दिवशी आली, भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिले, पाणी घेतले नाही आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ब्युरोवाल्याने फोनवर "दुसरी पाठवतो, पण तुमची लोकं..." एवढे बोलून वाक्य गिळले. पिढ्यानपिढ्या ज्यांनी इतरांची घाण उचलली त्यांच्या आजाऱ्याला हात लावायला किळस यावी, हा या देशातला जुना आजार आहे आणि त्याला अजून हॉस्पिस मिळालेले नाही. म्हणून संस्थेत सगळ्या जातीधर्मांचे आजारी आहेत का, कामगारांशी व्यवस्थापन कसे वागते, भांडी वेगळी ठेवतात का, हे डोळे उघडे ठेवून पाहा. भेदभाव दिसला तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा.

पाचवा गुण धीर देणाऱ्या बोलण्याचा. यात खरे सांगणे आले. "काही नाही आजी, बरे वाटेल" असे म्हणणारा धीर देत नाही, तो आजाऱ्याला एकटे पाडतो. आई जिथे होती ती संस्था आपल्या धम्माची नव्हती. तरीही तिथल्या ताईंनी उशाशी बाबासाहेबांचा फोटो ठेवू दिला आणि पौर्णिमेला आमच्या भंतेजींना येऊ दिले. दाखल करतानाच हे विचारून घ्यावे. वंदना म्हणता येईल का, रात्री एक नातेवाईक जवळ राहू शकतो का, लहान नातवंडांना आत सोडतात का, आणि आमच्यावर तुमचे विधी लादणार नाही ना?

आता घर की संस्था? ज्याच्या घरी जागा आहे, पाणी आहे, शौचालय आतच आहे आणि माणूस मोकळा आहे त्याने घरीच ठेवावे आणि घरी येणारा चमू बोलवावा. बहुतेक आजाऱ्यांनाही घरच हवे असते. पण "घरीच सेवा करा" हे सांगणाऱ्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, पोटमाळ्यावर झोपणारी मुले आणि दोनशे पावलांवरचे सार्वजनिक शौचालय डोळ्यांपुढे आणावे. शिवाय घरची सेवा म्हणजे सुनेची सेवा असते. तिची धुण्याभांड्याची कामे सुटतात, मजुरी बुडते, आणि सेवा केल्याचे श्रेय मुलाला मिळते. अशा घराने संस्था निवडली तर त्याला कोणी "टाकून दिले" म्हणू नये. रोज जाऊन हात धरून बसणारी लेक टाकून देत नसते. घरात वेदनेने ओरडत ठेवून दार लावून घेणे याला टाकून देणे म्हणतात.

घरीच ठेवायचे ठरवले तर एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. मृत्यू घरी झाला तर दाखला कोण देणार? उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यायचे असते आणि नोंद २१ दिवसांत करायची असते. पण ऐनवेळी गल्लीतला डॉक्टर नाही म्हणतो आणि कुटुंब मृतदेह घेऊन पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसते, हे मी वकील म्हणून तीनदा पाहिले आहे. चांगला घरसेवा चमू ही जबाबदारी आधीच स्पष्ट करतो.

शेवटचा मुद्दा चळवळीचा. केरळात १९९३ साली कालिकतला काही डॉक्टरांनी हे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम भागात साध्या माणसांनी, शेजाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, दुकानदारांनी ते हातात घेतले. दरमहा थोडे पैसे काढले, प्रशिक्षण घेतले, परिचारिकेबरोबर घरोघरी जाऊ लागले. २००८ साली केरळ सरकारला त्यासाठी धोरण करावे लागले. तिथे श्रीमंती होती म्हणून हे झाले नाही, संघटना होती म्हणून झाले. संघटना तर आपल्याकडेही आहे! प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, जयंती समिती आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई आजाऱ्याला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या आणि त्याच साथीने १० मार्च रोजी गेल्या. त्यांच्या पुण्यतिथीला आपण भाषणे करतो. त्या दिवशी विहारात दोन एअरबेड, एक चाकाची खुर्ची, एक कमोडची खुर्ची आणली आणि जवळच्या हॉस्पिसचे व घरसेवेचे फोन नंबर फळ्यावर लिहून ठेवले तर काय बिघडेल? दोन तरुण आणि दोन भगिनींना प्रशिक्षणाला पाठवता येईल. जयंतीच्या डीजेचा एका तासाचा खर्च यासाठी पुरेल.

सरकारलाही सोडायचे नाही. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात त्यासाठी किती खाटा आहेत, मॉर्फिन आहे का, गेल्या वर्षी किती रुग्णांना दिले, घरभेटीला गाडी जाते का, असा माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करा. उत्तर आले नाही तर अपील करा, मोर्चा न्या. आपण शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढले, जमिनीसाठी काढले. वेदनेविना मरण्याच्या हक्कासाठी आजवर एकही काढला नाही.

फोन करणाऱ्या त्या तरुणाला मी हे सगळे त्या रात्री सांगू शकलो नाही. फक्त दोन नंबर दिले आणि म्हणालो, "उद्या सकाळी पत्र घेऊन जा. आणि जाण्याआधी बाबांना विचार, त्यांना काय हवंय." त्याने विचारले. बाबा म्हणाले, घरीच. आता घरी चमू येतो, चार तासांनी गोळी दिली जाते आणि सून रात्री झोपते. बाबा किती दिवसांचे सोबती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, त्यांनाही. परवा मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर बसून नातवाला सायकलचे पंक्चर कसे काढायचे ते समजावत होते.

जयभीम.